फोल्डर ए, फाइल ४७: व्हॉइस रेकॉर्डरमधल्या रचनेची पार्श्वभूमी

डिसेंबरात हिवाळी अधिवेशन सुरू झालं की नागपुरात धंतोलीच्या टिळक पत्रकार भवनात पत्रकार परिषदांची रांग लागते. टेबलावर माईकच्या गर्दीत एखाद-दुसरा डिजिटल व्हॉइस रेकॉर्डर आजही दिसतो. मध्येच फोन वाजून त्याचं काम अडत नाही, म्हणून जुन्या पत्रकारांनी तो सोडलेला नाही. वकील, संशोधक, लोकगीतं गोळा करणारी मंडळी यांच्याकडेही तो असतो. अडचण येते ती नंतर. पडद्यावर फक्त ‘ए’ आणि ‘४७’ दिसतं. सत्तेचाळिसावी फाइल मंत्र्यांची की मोर्चात आलेल्या शेतकऱ्याची, हे ऐकल्याशिवाय कळायला मार्ग नसतो.

टेपच्या काळात हा प्रश्न इतका छळत नव्हता. नागपूरचं आकाशवाणी केंद्र १९४८ मध्ये सुरू झालं, आणि त्यानंतरची कितीतरी वर्षं रेडिओवर स्पूलची, म्हणजे रिळावर गुंडाळलेल्या टेपची होती. स्पूलला डबा असे आणि डब्यावर लिहायला जागा. १९६३ मध्ये फिलिप्सने कॅसेट आणली. तिच्याबरोबर घडीचं कार्ड आलं, एक बाजू आणि दुसरी बाजू आली. बॉलपेनने तारीख, गाव, गाणाऱ्या बाईचं नाव लिहिलं की काम झालं. कॅसेटच्या मागच्या कडेला प्लॅस्टिकच्या दोन छोट्या पाकळ्या असत. त्या मोडल्या की चुकूनही वर दुसरं काही रेकॉर्ड होत नसे. ऑलिंपसची मायक्रोकॅसेट १९६९ ची. ती खिशात मावू लागली, पण कार्डावरची जागा तेवढीच आखडली. तरीही एका विषयाला एक कॅसेट, ही शिस्त वस्तूच लावून देत होती.

फ्लॅश मेमरी, म्हणजे आवाज साठवणारी चिप आली आणि कॅसेटसारखी वस्तूच नाहीशी झाली. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी ही मेमरी १९८० च्या दशकात मांडली. नव्वदीत ती रेकॉर्डरमध्ये शिरली. सुरुवातीच्या बऱ्याच स्वस्त रेकॉर्डरना संगणकाला जोडायची सोयच नव्हती. नाव टाइप करायला कळफलक नव्हता, पडदा दोन बोटांएवढा. अशा यंत्रावर वेगवेगळी रेकॉर्डिंग वेगळी ठेवायची तर चार-पाच कप्पे करून त्यांना अक्षरं द्यायची, एवढंच हातात होतं. ऑलिंपसच्या अनेक मॉडेलमध्ये ए ते ई असे पाच फोल्डर आणि प्रत्येकात जास्तीत जास्त २०० फाइल असतात, ते याच वळणाचं.

या रचनेवर ऑफिसचा ठसा आहे, हेही लक्षात घ्यायला हवं. १९९४ मध्ये ग्रुंडिग, ऑलिंपस आणि फिलिप्स यांनी मिळून बोललेला आवाज फाइलमध्ये साठवायचं डीएसएस हे स्वरूप ठरवलं. ते साहेबाने पत्र सांगायचं आणि टायपिस्टने उतरवायचं, या कामासाठी होतं. फाइलमध्येच सांगणाऱ्याची ओळख आणि कामाची निकड नोंदवण्याची तरतूद होती. विदर्भातलं दंडार हे लोकनाट्य किंवा भुलाबाईची गाणी रेकॉर्ड करणारा माणूस या कंपन्यांच्या डोळ्यांसमोर नव्हता. त्याला गाव हवं, बोली हवी, गाणारीचं माहेर हवं. फोल्डर ‘बी’ यातलं काहीच सांगत नाही.

दुसरा वारसा फाइल-व्यवस्थेचा. मेमरी कार्डांवर सर्रास वापरली जाणारी ‘फॅट’ ही मांडणी १९७० च्या दशकाअखेरची. तिच्या जुन्या नियमात नावाला आठ अक्षरं आणि पुढे प्रकारासाठी तीन. आठ अक्षरांत काय बसणार? कंपनीची दोन-तीन अक्षरं आणि क्रमांक. लांब नावांची सोय १९९५ मध्ये विंडोज ९५ बरोबर सर्वत्र आली. पुढे सोनीच्या रेकॉर्डरनी फाइलच्या नावातच वर्ष, महिना, दिवस आणि वेळ घालायला सुरुवात केली, आणि माझ्या मते या सगळ्या प्रवासातली ही सर्वांत उपयोगी सुधारणा. अट एकच, घड्याळ बरोबर असावं. मे महिन्यात कपाटात पडलेल्या रेकॉर्डरचे सेल गळू नयेत म्हणून आपण ते काढून ठेवतो. ते फार दिवस बाहेर राहिले तर बहुतेक रेकॉर्डर तारीख विसरतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सेल घालून नागपूरची मारबतीची मिरवणूक रेकॉर्ड केली, तर फाइलवर भलतंच वर्ष पडतं.

म्हणून कॅसेटच्या कार्डावर जे लिहीत होतो, ते आता दोन ठिकाणी ठेवावं लागतं. एक आवाजात: रेकॉर्डिंग सुरू करताच तारीख, ठिकाण आणि बोलणाऱ्याचं नाव स्वतः म्हणायचं. फाइलचं नाव काहीही झालं तरी हे पुसलं जात नाही. दुसरं नावात: संगणकावर उतरवल्यावर ‘२०२४-१०-१६_महाल_भुलाबाई_०१’ असं. वर्ष आधी घेण्याची पद्धत १९८८ च्या आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकातली. अशी नावं आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. बऱ्याच रेकॉर्डरच्या पडद्यावर देवनागरी उमटत नाही, त्यामुळे मराठी नाव संगणकावरच द्यावं आणि तिथेच विषयवार फोल्डर करावेत. ए-बी-सी रेकॉर्डरपुरतेच राहू द्यावेत.

मोबाईलने यात नवा गुंता आणला आहे. व्हॉट्सॲपवर आलेल्या ऑडिओ फाइलला बहुधा तारीख आणि क्रमांक असलेलं नवं नाव मिळतं, आणि ती तारीख रेकॉर्डिंगची नसते. नातवाने आजीची गाणी घरच्या ग्रुपवर टाकली की दिवाळीचं रेकॉर्डिंग संक्रांतीचं होऊन बसतं. ग्रुपवरून उतरवलेली प्रत संग्रहात घेऊ नये. मूळ फाइल केबलने किंवा कार्डावरून उतरवावी, आणि नाव देऊन झाल्यावरच ग्रुपवर पाठवावी.