झोका, फेराइट आणि एइची गोतो

टोकियो विद्यापीठात १९५२ साली तोशिबाच्या मदतीने टॅक नावाचा कॉम्प्युटर बांधायला घेतला, तो पुरा व्हायला १९५९ उजाडलं. त्यात सुमारे ७,००० व्हॉल्व्ह (विजेचा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या काचेच्या निर्वात नळ्या) होते. एक बदलेपर्यंत दुसरा जळायचा. ट्रान्झिस्टर तेव्हा नवा, महाग आणि बेभरवशाचा. त्याच विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक हिदेतोशी ताकाहाशी यांच्या प्रयोगशाळेत २३ वर्षांचा एइची गोतो (जन्म १९३१) या दोन्हींना वळसा घालायची वाट शोधत होता.

ती सापडली फेराइटच्या कड्यांत. फेराइट (लोखंडाच्या ऑक्साइडची चुंबकी सिरॅमिक) ही जपानची घरचीच वस्तू: १९३० मध्ये टोकियोतच कातो आणि ताकेई यांनी शोधलेली, स्वस्त आणि न जळणारी. १९५४ मध्ये गोतोंनी अशा इवल्याशा कड्या, तांब्याची तार आणि एक कपॅसिटर जोडून पॅरामेट्रॉन केला: व्हॉल्व्ह किंवा ट्रान्झिस्टरच्या जागी वापरायचा, ० किंवा १ धरून ठेवणारा घटक.

त्याचं काम झोक्यावरून कळतं. झोक्यावर उभं राहून एका फेरीत दोनदा बसलं-उठलं की झोका चढत जातो, म्हणजे झोक्याची गती आपल्या उठाबशांच्या निम्मी. पण सुरुवातीला तो पुढे जाणार की मागे, हे अगदी हलक्या धक्क्यावर ठरतं, आणि एकदा ठरलं की बदलत नाही. पॅरामेट्रॉनमध्ये उठाबशांच्या जागी विजेचा प्रवाह असतो. 'पुढे' म्हणजे ०, 'मागे' म्हणजे १. सुरुवातीचा धक्का तीन शेजारचे पॅरामेट्रॉन मिळून देतात आणि ज्या बाजूला दोन मतं, ती बाजू जिंकते. एवढं बहुमत आणि ० चा १ करणारी उलटी जोडणी, यांवर सगळं गणित उभं राहतं. मला तरी यातली काटकसर फार देखणी वाटते.

अमेरिकेत गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनाही स्वतंत्रपणे अशीच कल्पना सुचली होती, पण यंत्रं उभी राहिली ती जपानात. १९५७ मध्ये तिथल्या टेलिफोन खात्याच्या प्रयोगशाळेने मुसाशिनो-१ चालू केला. मार्च १९५८ मध्ये ताकाहाशींच्या प्रयोगशाळेत सुमारे ४,२०० पॅरामेट्रॉनचा पीसी-१ तयार झाला. हिताची, एनईसी, फुजित्सू यांनीही अशी यंत्रं काढली. दोष एकच, पण मोठा: वेग. झोका चढायला वेळ लागतोच. ट्रान्झिस्टर स्वस्त आणि भरवशाचा झाल्यावर पॅरामेट्रॉन टिकला नाही. पीसी-१ १९६४ मध्ये बंद झाला.

गोतो मात्र त्यात अडकून पडले नाहीत. १९६० मध्येच त्यांनी एसाकी डायोड या अतिजलद अर्धवाहक घटकाच्या जोडीवर चालणारं वेगवान सर्किट मांडलं, ते 'गोतो जोडी' म्हणून ओळखलं जातं. मधेच अमेरिकन सहकाऱ्यांबरोबर त्यांनी एकध्रुवी चुंबकही शोधला (सापडला नाही). पुढे जपानच्या रिकेन या संशोधन संस्थेत ते सॉफ्टवेअरकडे वळले: लिस्प या, माहिती याद्यांत मांडणाऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेत तीच यादी मेमरीत दोनदा साठवायची नाही, आधीची हॅशिंगने (मजकुरावरूनच जागेचा क्रमांक काढून) हुडकून वापरायची. बीजगणित करणाऱ्या फ्लॅट्स या यंत्राची आखणीही याच विचारातून झाली.

१९८६ च्या सुमारास ते पुन्हा पॅरामेट्रॉनकडे आले. या वेळी फेराइटऐवजी जोसेफसन जंक्शन (दोन अतिवाहकांमधला, म्हणजे विजेला अजिबात विरोध न करणाऱ्या पदार्थांमधला, अतिपातळ सांधा), तेही द्रव हेलियममध्ये, ४.२ केल्विनला (उणे २६९ अंश सेल्सिअस). 'क्वांटम फ्लक्स पॅरामेट्रॉन' नावाचा हा घटक अत्यंत कमी ऊर्जा खातो. गोतो २००५ मध्ये वारले. जपानच्या योकोहामा नॅशनल युनिव्हर्सिटीत या घटकावर प्रोसेसर बांधले जातात, आणि डी-वेव्ह या कंपनीच्या क्वांटम यंत्रांत क्युबिटचं (क्वांटम कॉम्प्युटरमधल्या ०-१ च्या एककाचं) उत्तर वाचायला तोच वापरतात.