सिमिलीपालचे काळे वाघ आणि ताडोबाच्या दोघी

ओडिशातल्या सिमिलीपालच्या जंगलात असे वाघ आहेत की ज्यांचे पट्टे पसरून एकमेकांत मिसळलेत, केशरी रंग जेमतेम उरलाय. बंगळूरच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या उमा रामकृष्णन, विनय सागर आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये याचं कारण दाखवलं: टॅकपेप या जनुकातला एक बारीक बदल. प्रत्येक वाघाकडे जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. दोन्ही बदललेल्या असल्या तरच वाघ काळा दिसतो. एकच असेल तर तो चारचौघांसारखा पट्टेरी, पण आतून वाहक.

मग वाहक मोजायचे कसे? रामानुजनना केंब्रिजला बोलावणारे गणिती हार्डी आणि जर्मन डॉक्टर वाइनबर्ग यांनी १९०८ मध्ये वेगवेगळं काम करून एकच उत्तर काढलं होतं. बदललेल्या प्रतीचं, म्हणजे अ‍ॅलीलचं, प्रमाण ‘क’ धरा. दोन्ही प्रती तशाच मिळण्याची शक्यता क × क. अभ्यासानुसार तिथले सुमारे ३७ टक्के वाघ काळे होते. ०.३७ चं वर्गमूळ ०.६१. उरलेलं ०.३९ साध्या प्रतीचं. वाहक २ × ०.६१ × ०.३९, म्हणजे जवळपास ४८ टक्के! डीएनए तपासून मिळालेलं क होतं ०.५८. नुसते काळे वाघ मोजून आपण इतके जवळ पोचतो, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

हे प्रमाण पिढ्यानपिढ्या तसंच टिकतं, तो जनुकीय समतोल. त्यासाठी संख्या मोठी हवी, जोड्या रंग न पाहता जुळायला हव्यात, बाहेरून कुणी यायला नको, जनुकात नवा बदल किंवा नैसर्गिक निवड नको. सिमिलीपालचे वाघ मोजकेच आणि एकाकी. इतक्या छोट्या संख्येत निव्वळ योगायोगानेही एखादा अ‍ॅलील फोफावतो. इतरत्र तपासलेल्या रानातल्या वाघांत हा बदललेला अ‍ॅलील सापडलाही नव्हता. काळा रंग देखणा खरा, पण तो नात्यातल्या नात्यात होणाऱ्या प्रजननाची खूण आहे, आणि म्हणून काळजीची.

२०२४ च्या अखेरीस ताडोबातून जमुना आणि जीनत या वाघिणी तिथे नेल्या. समजा आधी २५ वाघ होते: ५० प्रती, त्यांतल्या २९ बदललेल्या. दोघींच्या चार साध्या प्रती मिळवल्या की २९ भागिले ५४, म्हणजे क ०.५४. काळ्यांचं अपेक्षित प्रमाण ३४ वरून २९ टक्क्यांवर. फक्त दोन वाघिणींनी! काळ्या नरापासून त्यांना झालेलं प्रत्येक पिल्लू पट्टेरी असेल, आणि प्रत्येक वाहक.