पुण्यात ए.ए.च्या मीटिंगला जायचंय? पात्रता, कागदपत्रं, पद्धत सगळं इथे

दारू सोडायचीय, कुणीतरी ए.ए. म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचं नाव सांगितलं, आणि आता डोक्यात सगळे तहसील कचेरीतले प्रश्न, की फॉर्म कुठे मिळतो, आधार लागतं का, डॉक्टरची चिठ्ठी हवी का, नाव कुठे चढतं का. आधी पात्रता सांगून टाकतो, दारू सोडायची इच्छा, बस, दुसरी अट नाही. किती पिता, देशी पिता का इंग्लिश, नोकरी आहे का गेली, यावर काही ठरत नाही. बायकांनाही तितकाच हक्क आहे, कुणी सांगितलं असेल की हे पुरुषांचंच असतं तर सोडून द्या.

कागदपत्रं शून्य. गंमत बघा, महाराष्ट्रात दारू प्यायला कायद्याने परवाना लागतो, एक दिवसाचा, वर्षाचा नाहीतर आयुष्यभराचा, आणि सोडायला मात्र साधा चिटोरा पण लागत नाही. फी पण नाही. मीटिंगमध्ये एक पिशवी किंवा डबा फिरतो, त्यात मेंबर लोक जमेल ते टाकतात, हॉलचं भाडं आणि चहा त्यातून निघतो. नव्या माणसाने नाही टाकले तरी कुणी बघत नाही, आणि बाहेरच्यांच्या देणग्या तर ते घेतच नाहीत.

आता मीटिंग शोधायची कशी. ए.ए.च्या भारतातल्या वेबसाइटवर शहरानुसार मीटिंगची माहिती आणि हेल्पलाइन नंबर मिळतात. माझं ऐकाल तर यादी बघून थेट निघू नका, आधी फोन करा, कारण बऱ्याच मीटिंग शाळेच्या वर्गात नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये भरतात, परीक्षा आल्या की जागा बदलते, आणि गणपतीत पेठांमधले रस्ते बंद झाले की पत्ता बरोबर असूनही तुम्ही अलका चौकातच अडकाल. फोन उचलणारा बहुतेक स्वतः दारू सोडलेलाच असतो, त्यामुळे लाजायचं काही नाही. त्याला तीन गोष्टी विचारा, मीटिंग मराठीत आहे का हिंदी-इंग्लिशमध्ये, ओपन आहे का क्लोज्ड, आणि आत कुठल्या गेटने यायचं. ओपनला घरचे, मित्र कुणीही बसू शकतात, क्लोज्ड फक्त दारूचा त्रास असलेल्यांसाठी. चर्चचा हॉल म्हणजे धर्माचं काही असेल असं पण नाही, ती फक्त भाड्याची जागा.

ओळखीचं कुणी भेटेल ही भीती असतेच, पुणं तसं लहानच. कोथरूडला राहत असाल तर हडपसरच्या किंवा कॅम्पातल्या मीटिंगला जा, एरियाचं बंधन नाही, आणि कुणी भेटलंच तर तोही त्याच कामाला आलेला असणार ना.

आत गेल्यावर मागच्या खुर्चीत बसलात तरी चालतं. एकेक जण आपलं नाव सांगून स्वतःचा अनुभव सांगतो, दुसरा मध्ये बोलत नाही, सल्ले देत नाही. पहिलं नाव पुरतं, आडनाव नको. तुमची पाळी आली आणि बोलावंसं वाटलं नाही तर 'आज फक्त ऐकतो' म्हणा, झालं. तास-दीड तासात संपतं. खरं काम मात्र नंतर चहाच्या वेळी होतं, तिथे दोन-तीन जणांचे नंबर घ्या, रात्री तलफ आली की त्याच नंबरांवर फोन करायचा असतो. पिऊन गेलात तर? सहसा हाकलत नाहीत, गप्प बसून ऐका म्हणतात, पण गाडी घेऊन जाऊ नका.

एक गोष्ट मात्र नीट वाचा. रोज भरपूर पिणाऱ्याने मीटिंगच्या जोशात एकदम बंद करू नये. थरथर, घाम, झोप उडणं इथपासून सुरू होतं, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत भास होऊन माणूस जिवावर बेतेपर्यंत जाऊ शकतो. आधी डॉक्टर, ससूनला मानसोपचार विभाग आहे. ए.ए. औषध देत नाही, ॲडमिटही करत नाही. ॲडमिट व्हायचं असेल तर येरवड्याचं मुक्तांगण आहे, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं, पण तिथे कागदपत्रं, खर्च, सोबत कोण हवं हे सगळं फोनवर आधी विचारून घ्या.

कंपनीने पाठवलंय आणि हजेरीचा कागद हवाय, अशांनी मीटिंगआधी ग्रुपच्या सेक्रेटरीशी बोलावं. ए.ए. हजेरी ठेवत नाही, सही द्यायची की नाही ते तो ग्रुप ठरवतो.

घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन वेगळं आहे, पिणारा यायला तयार नसला तरी बायको, आई, मुलगा एकटे जाऊ शकतात, तिथेही कागद नाही, फी नाही. आणि घराबाहेर पडणं जमतच नसेल तर ऑनलाइन मीटिंग असतात, रेकॉर्डिंग मात्र करायचं नाही. सरकारी नशामुक्ती हेल्पलाइन १४४४६, टोल फ्री आहे.