क्षार काढला की गंज धरतो: कुलिंग यंत्रणेच्या सफाईमागची दोनशे वर्षं

कुलिंग यंत्रणेत नळ्यांतून पाणी फिरवून उष्णता काढून घेणारा भाग म्हणजे कंडेन्सर. त्याचं झाकण उतरवलं की नळ्यांची तोंडं समोर येतात. जिथे अंगठा सहज जायचा, तिथे करंगळी अडकते. आत पांढरट, खडबडीत अस्तर चढलेलं असतं आणि झाकणाच्या लोखंडावर लालसर फोड आलेले असतात. फोड खरवडला तर आतून काळा चिखल निघतो. अस्तराची खपली काढून तिच्यावर सौम्य ॲसिडचा एक थेंब टाकायचा. फसफसली तर कॅल्शियम कार्बोनेट. नुसती ओली झाली तर सल्फेट किंवा सिलिका, म्हणजे काम लांबणार.

पांढरा क्षार आणि लाल गंज एकाच सफाईत निघतात, म्हणून त्यांना एकच दुखणं समजलं जातं. प्रत्यक्षात ते तराजूच्या दोन पारड्यांत बसलेले आहेत. एक खाली दाबलं की दुसरं वर येतं. या सफाईचा सगळा इतिहास त्या तराजूशी झुंजण्याचा आहे.

सुरुवात वाफेच्या जहाजांपासून करावी लागते. ही जहाजं बॉयलरमध्ये समुद्राचंच पाणी घालत. वाफ निघून जाई, मीठ-क्षार मागे राहत, आणि बॉयलरच्या पत्र्यावर दगडासारखा थर बसे. 1834 मध्ये सॅम्युअल हॉल यांनी सरफेस कंडेन्सरचं पेटंट घेतलं. त्यात वाफ आणि थंड पाणी एकमेकांत मिसळत नसे, त्यामुळे वाफेचं शुद्ध पाणी पुन्हा बॉयलरला मिळू लागलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही पद्धत जहाजांवर रुळली आणि क्षार कमी झाला. पण बॉयलरचे पत्रे झपाट्यानं गंजू लागले. क्षाराचं पातळ अस्तर लोखंडाला झाकत होतं, आता ते उघडं पडलं होतं. मग काही इंजिनिअर मुद्दाम थोडं समुद्राचं पाणी आत घेऊन पातळ थर बसवू लागले. ज्याच्याशी इतकी वर्षं भांडले, त्यालाच हातानं परत बोलावलं!

क्षार नेमका नको तिथेच का बसतो, याचं कारण पाण्यात आहे. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, कॅल्शियम कार्बोनेटचं उलट असतं. पाणी तापलं की विरघळलेल्या बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्बोनेट खाली बसतं. म्हणजे भिंत जितकी गरम, तितका थर जास्त. आणि उष्णता जायला हवी ती त्याच भिंतीतून. तांब्यातून उष्णता जितकी सहज जाते, त्याच्या शंभराव्या हिश्श्यानंही या थरातून जात नाही. एक मिलिमीटर थरालासुद्धा घाबरावं ते यासाठी.

कुलिंग टॉवर आले तेव्हा दुखणं दुहेरी झालं. फ्रेडरिक व्हान इटरसन आणि गेरार्ड कायपर्स यांनी 1918 मध्ये नेदरलँड्समध्ये कंबर आवळलेल्या आकाराचा काँक्रीटचा टॉवर आणला. आकार कुठलाही असो, टॉवर पाणी थंड करतो ते मुख्यतः त्यातलं थोडं उडवून. पाणी साधारण साडेपाच अंशांनी थंड व्हायचं तर सुमारे 1 टक्का उडून जातं. उडतं ते शुद्ध पाणी, क्षार मागेच साठत राहतो. शिवाय प्रत्येक फेरीत पाणी हवेतून झिरपतं, भरपूर ऑक्सिजन घेतं आणि तो ऑक्सिजन लोखंडाला लागतो. तराजूची दोन्ही पारडी एकाच यंत्रात भरली गेली.

पूर्वी हा थर काढायचे कोण? बॉयलरमध्ये माणसं उतरत. हातोडा, छिन्नी, दिव्याचा उजेड आणि अरुंद भोकातून आत सरपटणं. अंगानं लहान म्हणून पोरांनाही आत पाठवत. बंद लोखंडी पिंपात खपल्या फोडताना उडणारी धूळ आणि कानाशी होणारा घणाचा आवाज हे त्या पोरांच्या वाट्याला यायचं. इतिहासातला हा भाग मला नेहमी जड जातो. बाजारात थरावर नाना उपाय विकले जात. बॉयलरमध्ये बटाटे टाकत, ओकच्या सालीचा काढा ओतत. त्यात थोडं तथ्यही होतं, कारण स्टार्च आणि टॅनिनमुळे क्षार घट्ट थराऐवजी गाळासारखा राहतो. पाणी आधीच शुद्ध करण्याचा पक्का मार्ग 1841 मध्ये स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ थॉमस क्लार्क यांनी पेटंट केला. चुन्याची निवळी घालून ते क्षार बाहेरच खाली बसवत. पुढे 1935 मध्ये ॲडम्स आणि होम्स यांनी पाण्यातला क्षार धरून ठेवणारं कृत्रिम रेझिन बनवलं.

ॲसिडनं थर विरघळतो हे जुनंच ज्ञान, पण ते लोखंडही खातं. ही अडचण सुटली तेलविहिरींवर. 1932 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये डाऊ कंपनीनं विहिरीत हायड्रोक्लोरिक ॲसिड सोडलं आणि पोलादी नळ वाचावा म्हणून त्यात आर्सेनिकचं संयुग मिसळलं. ॲसिड दगड खाईल पण लोखंडाला हात लावणार नाही, अशी ही सोय म्हणजे इनहिबिटर. त्याच युक्तीनं पुढे बॉयलर आणि कंडेन्सर धुतले जाऊ लागले. विषारी आर्सेनिकची जागा नंतर सेंद्रिय संयुगांनी घेतली. छिन्नी बाजूला पडली आणि माणूस पिंपाबाहेर आला.

1936 मध्ये विल्फ्रेड लँगेलियर यांनी तराजूच आकड्यात मांडला. पाण्याचा पीएच, तापमान, कॅल्शियम आणि क्षारता यांवरून निर्देशांक काढायचा. अधिक आला तर पाणी क्षार बसवणार, उणा आला तर बसलेला क्षार विरघळवून लोखंड उघडं पाडणार. त्यांना शहरांच्या नळांत पातळ संरक्षक थर हवा होता. जहाजांवरच्या इंजिनिअरांना अनुभवातून उमगलेलं होतं, तेच हे गणित.

यानंतर मिळालेला तोडगा सर्वांत यशस्वी होता आणि सर्वांत घातकही. पाण्यात थोडं सल्फ्युरिक ॲसिड सोडून क्षार रोखायचा आणि गंजासाठी क्रोमेट, म्हणजे क्रोमियमचं विषारी संयुग, घालायचं. क्रोमेट लोखंडावर उत्तम पापुद्रा धरतं. पण टॉवरमधून बाहेर सोडलेलं पाणी जायचं कुठे? कॅलिफोर्नियातल्या हिंकली गावाजवळ एका गॅस कंपनीच्या पंपिंग केंद्रानं 1952 ते 1966 या काळात क्रोमेटयुक्त पाणी अस्तर नसलेल्या खड्ड्यांत सोडलं. ते जमिनीतून विहिरींपर्यंत पोचलं. 1996 मध्ये कंपनीनं 33.3 कोटी डॉलरवर तडजोड केली. 1990 मध्ये अमेरिकेत वातानुकूलनाच्या कुलिंग टॉवरमध्ये क्रोमेट बंद झालं. त्याच्या जागी फॉस्फोनेट आणि पॉलिमर ही रसायनं आली. ती जरा अल्कधर्मी पाण्यात चालतात, म्हणजे क्षाराचं पारडं पुन्हा जड.

याच काळात सफाईचा अर्थही बदलला. जुलै 1976 मध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात माजी सैनिकांचं अधिवेशन झालं आणि त्यानंतर अनेकांना न्यूमोनिया झाला, काही दगावले. जानेवारी 1977 मध्ये जोसेफ मॅकडेड यांना त्यामागचा जिवाणू सापडला. त्याचं नाव लेजिओनेला. कुलिंग टॉवरच्या तुषारांतून तो पसरतो हे पुढे पक्कं झालं. क्षाराच्या खपल्या आणि गंजाचे फोड त्याला जंतुनाशक औषधापासून आडोसा देतात. तोवर सफाई न करण्याची किंमत विजेच्या बिलात मोजली जायची. आता ती माणसाच्या श्वासाशी जोडली गेली.

आज स्टेनलेस स्टीलला हायड्रोक्लोरिक लावत नाहीत, कारण क्लोराइडनं त्याला खड्डे पडतात. तिथे सायट्रिक किंवा सल्फामिक ॲसिड फिरवतात. बुडबुडे थांबेपर्यंत आणि ॲसिडची ताकद घटायची थांबेपर्यंत फिरवायचं. टॉवरमध्ये आधी हायपोक्लोराइट, म्हणजे जंतू मारायचं क्लोरीनयुक्त औषध, टाकलेलं असेल तर ते पूर्ण काढल्याशिवाय ॲसिड ओतायचं नाही. दोन्ही भेटले की क्लोरीन वायू निघतो. ही गोष्ट कामावरच्या प्रत्येक नव्या माणसाला तोंडी सांगा, नुसती पाटीवर ठेवू नका.

आणि ॲसिड काढून टाकल्यावरचे पहिले काही तास. एका कामावर आम्ही संध्याकाळी यंत्रणा धुऊन, पाणी काढून टाकून घरी गेलो. पॅसिव्हेशन, म्हणजे धातूवर संरक्षक पापुद्रा धरवण्याचं काम, सकाळवर ठेवलं होतं. रात्री निघताना झाकणाचं लोखंड करड्या रंगाचं, स्वच्छ होतं. सकाळी बोट फिरवलं तर बोट भगवं झालं.