गाडी ताशी २ किलोमीटरवर, सॉफ्टवेअरच्या लेखी २२

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतून निघालेल्या कास्टिंगवर हीट नंबर असतो. हीट म्हणजे एका वेळी वितळवलेल्या धातूचा घाणा. पुढे एखाद्या ब्रेक ड्रमला तडा सापडला, तर त्या नंबरावरून धातू कुठल्या हीटचा आणि स्पेक्ट्रोवर, म्हणजे धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्रावर, त्याची रचना काय आली होती हे कळतं. त्याच हीटचे बाकीचे नग बाजूला काढता येतात. ब्रेकच्या सॉफ्टवेअरमध्ये खराब नग असा नसतोच. चूक असेल तर ती त्या मॉडेलच्या प्रत्येक गाडीत पहिल्या दिवसापासून असते आणि नेमकी परिस्थिती जुळेपर्यंत गप्प बसते. म्हणून ‘आधी कोड लिहून घेऊ, मग क्यूएकडे (गुणवत्ता तपासणाऱ्यांकडे) देऊ’ हा क्रम इथे धोक्याचा आहे.

ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या एबीएस यंत्रणेतलं एक उदाहरण घेऊ. चाकासोबत ४८ दात्यांची एक रिंग फिरते. चाकाचा परीघ १.९२ मीटर धरला, तर दर ४ सेंटीमीटरला सेन्सरसमोरून एक दाता जातो. दोन दात्यांमधला वेळ १६ बिटचा काउंटर मायक्रोसेकंदांत मोजतो. हा काउंटर ६५,५३५ पर्यंत जातो आणि पुन्हा शून्यावर येतो.

आता करूळ घाटात वाहतूक तुंबली आहे आणि गाडी ब्रेकवर वळणातून सरकते आहे. आतलं चाक ताशी २ किलोमीटरने फिरतंय, बाहेरचं २.४ ने. आतल्या चाकाचे दोन दाते ७२,००० मायक्रोसेकंदांच्या अंतराने येतात. काउंटर मध्येच एकदा शून्यावर आल्यामुळे उरतात ६,४६४. त्यावरून वेग निघतो ताशी सुमारे २२ किलोमीटर! बाहेरच्या चाकाचा वेग मात्र बरोबर येतो. सॉफ्टवेअरला वाटतं, गाडी २२ ने चालली आहे आणि बाहेरचं चाक जवळजवळ लॉक झालंय. हा वेग आणखी कशाशी ताडून पाहिला नसेल, तर ते त्या चाकाचा ब्रेक सैल करतं. अगदी कमी वेगात एबीएसने गप्प राहायचं असतं, पण त्याच्या हिशेबात वेग कमी नाहीच.

ही चूक कुठल्या चाळणीत अडकेल? कोडच्या स्थिर तपासणीत (कोड न चालवता केलेल्या तपासणीत) नाही, कारण काउंटर उलटणं हे हार्डवेअरचं नेहमीचं वागणं आहे आणि कोडची ओळ निर्दोष आहे. कव्हरेजमध्येही, म्हणजे चाचण्यांनी कोडचा किती भाग तपासला या मोजमापातही, नाही. गाड्यांमधल्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांच्या सुरक्षिततेचं आयएसओ २६२६२ हे मानक २०११ साली आलं, २०१८ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती निघाली. त्यात धोक्याची पातळी तीन गोष्टींवरून ठरते: इजा किती गंभीर, प्रसंग किती वारंवार येणारा, आणि चालकाला गाडी सावरता येईल का. तिन्हींत सर्वांत वाईट उत्तर आलं की एसिल डी, ही सर्वांत कडक पातळी. या पातळीला एमसी/डीसी कव्हरेजची जोरदार शिफारस आहे. म्हणजे निर्णयातली प्रत्येक अट एकटीने निकाल बदलते, हे चाचणीने दाखवायचं. पण कव्हरेज लिहिलेला कोडच मोजतं. जी अट लिहायची राहून गेली, ती त्याला दिसत नाही.

ती सापडते गरजा (सॉफ्टवेअरने काय करायला हवं ते) लिहिताना, आणि तीसुद्धा टेस्टर तिथे बसलेला असेल तर. ‘दाताच आला नाही तर?’ हा प्रश्न त्याचा असतो. त्यातून गरज तयार होते: ६० मिलिसेकंदांत दाता दिसला नाही तर वेग शून्य धरावा आणि पुढच्या दात्याचं पहिलं अंतर टाकून द्यावं. कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी टेस्टही लिहून होते: ५९,९९९, ६०,०००, ६५,५३५, ६५,५३६.

तरीही एक फट उरते. काउंटर ६०,००० झाल्यापासून उलटेपर्यंत हातात फक्त साडेपाच मिलिसेकंद असतात. तपासणारं टास्क दर १० मिलिसेकंदांनी चालत असेल, तर ही खिडकी निसटू शकते. कोडचा एकच तुकडा सुटा तपासणाऱ्या युनिट टेस्टमध्ये फंक्शन पास होतं. खऱ्या ईसीयूला (गाडीतल्या नियंत्रक संगणकाला) बनावट चाकांचे सिग्नल देणाऱ्या बेंचवर, सगळी टास्क एकत्र चालत असताना ते नापास होतं. ही बेंच-चाचणी रिलीजच्या आठवड्यासाठी राखून ठेवू नये, रोज रात्री चालवावी. दिवसा प्रत्येक बदलाला मिस्रा नियमांची (सुरक्षित कोड लिहिण्याच्या नियमांची) तपासणी आणि युनिट टेस्ट, त्यात अडकलेला कोड मुख्य शाखेत जात नाही. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्येही, म्हणजे कामाच्या छोट्या टप्प्यातही, हे नीट बसतं. एसिल डीचं अंतिम सुरक्षा मूल्यांकन मात्र रिलीजचा अधिकार असलेल्या विभागापासून स्वतंत्र माणसानेच करायचं. तिथे तडजोड नको.

खरी कसोटी लागते ती बदलाच्या वेळी. समजा, नवी चिप आली आणि तिचा काउंटर अर्ध्या मायक्रोसेकंदाला एक मोजतो. ६० मिलिसेकंद म्हणजे आता १,२०,००० ठोके. १६ बिटांत हा आकडा मावतच नाही. वेग शून्य धरण्याची अट कधीच खरी होणार नाही. या वेळी बहुतेक कंपायलर इशारा देतात, पण आधीचे तीनशे इशारे तसेच पडून असतील तर हा कोण वाचणार? म्हणून इशाऱ्यांची संख्या कायम शून्य ठेवायची. प्रत्येक गरजेला क्रमांक आणि तोच क्रमांक डिझाइन, कोड व टेस्टवर असेल, तर चिप बदलल्यावर काय काय पुन्हा तपासायचं याची यादी लगेच मिळते. सॉफ्टवेअरचा हीट नंबर तो हाच.

यावर उपाय म्हणून ३२ बिटचा काउंटर घेतला, तर तो अर्ध्या मायक्रोसेकंदाच्या ठोक्याने सुमारे ३६ मिनिटं पुरतो. घाटात दरड कोसळून गाडी इंजिन चालू ठेवून त्याहून जास्त वेळ उभी राहिली तर? ती टेस्टही त्याच बैठकीत लिहायची.