तेल सुटलं का?

पंचवटीत आमच्या आत्याच्या जुन्या घरात देवघर पुढे आणि स्वयंपाकघर पार मागे. त्या दिवशी आत्या पुढे वाती वळत बसली होती आणि मिसळीच्या रश्शासाठी कांदा परतायचं काम माझ्याकडे होतं. दहा मिनिटं झाली असतील. पुढून हाक आली, "तेल सुटलं का गं?"

कढईच्या कडेला थोडं तेल चकाकत होतं. मी म्हटलं, "सुटलं."

"नाही सुटलं. अजून बोंबलतंय ते. परत."

मला घाई होती. मसाला टाकला, पाणी ओतलं, उकळी आणली. रस्सा दिसायला लालभडक झाला, पण घोटभर चाखला तर वर तिखट, खाली पाणचट आणि मागून कच्च्या कांद्याचा उग्र वास. नाशिकमध्ये पाहुण्यांपुढे असली मिसळ ठेवणं म्हणजे काय, ते नाशिककरालाच कळेल. पण माझ्या डोक्यात राहिलं ते वेगळंच. आत्यानं कढई न बघता, तीन खोल्या पलीकडून हे ओळखलं कसं?

"तेल सुटेपर्यंत परता" हे वाक्य आपल्याकडे पाककृतीच्या प्रत्येक वहीत असतं. मी ते वर्षानुवर्षं शोभेच्या सूचनेसारखं वाचत आले होते. खरं तर तो स्वयंपाकघरातला सर्वांत स्वस्त थर्मामीटर आहे.

कांद्यात ८५ ते ९० टक्के पाणी असतं, टोमॅटोत त्याहून जास्त, ९४-९५ टक्के. आणि पाण्याचा स्वभाव हट्टी. उघड्या भांड्यात ते उकळबिंदूच्या वर तापत नाही, फक्त वाफ होऊन निघून जातं. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटर वर गेलं की उकळबिंदू साधारण एक अंशानं उतरतो. नाशिक सहाशे मीटरांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे पाणी ९८ अंशांनाच उकळतं. कांद्याच्या अंगात पाणी आहे तोवर तो ९८ अंशांवरच अडकून बसणार. गॅस मोठा केला तर पाणी लवकर उडतं, पण बुडाला टेकलेला कांदा करपतो आणि वरचा कच्चाच राहतो. मग ढवळत बसा.

आता ज्याला आपण "खमंग" म्हणतो, तो वास ९८ अंशांना येत नाही. साखर आणि प्रथिनांतली अमिनो आम्लं गरम होऊन एकमेकांशी जुळतात, त्यातून शेकडो नवे वासाचे पदार्थ आणि तपकिरी रंग तयार होतो. लुई-कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९१२ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून याला मायार अभिक्रिया म्हणतात. भाकरीवरचे डाग, भाजलेले शेंगदाणे, कॉफी, सगळीकडे हीच. १४० अंशांच्या पुढे ती झपाट्यानं होते. त्याखाली होतच नाही असं मात्र नाही. बासुंदी आटवताना दूध कधीच शंभराच्या फार वर जात नाही, तरी हळूहळू बदामी होतं. पण त्याला तास लागतात, आणि भाजीला कोण तेवढा वेळ देतंय!

म्हणजे कांदा परतणं हे मुख्यतः पाणी हाकलण्याचं काम. मी एकदा वजनकाटा घेऊन बसले. अर्धा किलो चिरलेला कांदा नीट तांबूस होईतो दीडशे ग्रॅमच्या आसपास आला. साडेतीनशे ग्रॅम पाणी गेलं. आता हिशोब असा: पाणी तीस अंशांवरून उकळीला आणायला जितकी उष्णता लागते, तेवढ्याच पाण्याची वाफ करायला त्याच्या जवळपास आठपट लागते. मध्यम आचेवर कढईला एक किलोवॅट उष्णता मिळते असं धरू, साधारण एका इस्त्रीएवढी. तरी एवढं पाणी उडायला पंधरा मिनिटं लागतातच. "पाच मिनिटांत कांदा सोनेरी" असं सांगणाऱ्या पाककृती एकतर चार चमचे कांद्याच्या असतात, नाहीतर थापा असतात. माझं मत दुसऱ्याकडे झुकतं.

आता आत्याचा कान. ओला कांदा गरम तेलात पडला की त्यातलं पाणी फटाफट वाफ होऊन बाहेर पडतं, त्याचा तो मोठा चुरचुराट. पाणी संपत आलं की आवाज बारीक होतो, मग नुसती सळसळ उरते. आत्याचं "बोंबलतंय" म्हणजे कढईत अजून पाणी आहे. आणि तेलाचं म्हणाल, तर सुरुवातीला कांदा-टोमॅटोचा रस आणि गर यांच्यात तेलाचे बारीक थेंब अडकून राहतात, ताकात लोण्याचे कण असावेत तसे. त्यांना वेगवेगळं धरून ठेवणारं पाणी उडालं की थेंब एकमेकांना भेटतात, मोठे होतात आणि कडेनं बाहेर येतात. मी पाहिलेली चकाकी नुसती कढईच्या कडेची होती. गोळ्यातून तेल बाहेर आलेलं नव्हतं.

कोणता कांदा, यानंही फरक पडतो आणि हे आपल्या जिल्ह्यात सांगायची गरज नसावी. लासलगावच्या बाजारात वर्षभर कांदा येतो, पण तो एकच कांदा नसतो. खरिपाचा लाल पोळ कांदा पाणीदार, टिकत नाही. रब्बीचा उन्हाळ कांदा घट्ट, म्हणूनच साठवणीच्या कांदाचाळीत पाच-सहा महिने राहतो. दिवाळीच्या सुमाराला नवा लाल कांदा घरात आला की तीच भाजी तेवढ्याच वेळात केली तरी पांचट लागते. चूक हाताची नसते, पाण्याची असते. पाच मिनिटं जास्त द्या.

पाण्याबरोबर दुसरी भानगड गंधकाची. अख्ख्या कांद्याला वास नसतो, डोळ्यांत पाणी तर नाहीच. सुरी फिरली की पेशी फुटतात आणि वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवलेली गंधकाची संयुगं आणि विकरं (एन्झाइम) एकत्र येतात. रडवणारा वायू बनवणारं विकर वेगळंच आहे, हे जपानी संशोधकांनी २००२ मध्ये दाखवलं. त्याबद्दल पुढे त्यांना इग नोबेलही मिळालं, हसू आणणाऱ्या संशोधनाला देतात ते पारितोषिक. हा उग्रपणा बराचसा उडून जाणारा असतो, म्हणून उघड्यावर परतलेला कांदा गोड लागतो. साखर तीच असते, पण पाणी गेल्यानं दाटते आणि तिला झाकणारा तिखटपणा निघून जातो.

इथे काळ्या वाटणाची जुनी रीत आठवा. अख्खा कांदा सालासकट निखाऱ्यात नाहीतर गॅसच्या जाळावर टाकायचा, साल कोळसा होईपर्यंत. बाहेरचा थर कोरडा पडून शंभराच्या कितीतरी वर जातो, तिथे भाजका धुरकट वास तयार होतो. आत मात्र कांदा स्वतःच्याच पाण्यात उकडतो. आणि पेशी फुटायच्या आधीच विकरं उष्णतेनं निकामी झालेली असतात, त्यामुळे नंतर मिक्सरमधून काढला तरी उग्रपणा येत नाही. तोच कांदा आधी कच्चा वाटा आणि मग परता, तासभर वास हटत नाही. चव बघायची असेल तर दोन्ही वाटणं एकाच दिवशी, शेजारी शेजारी करून बघा. मी केली. कच्च्या वाटणाची वाटी फ्रीजमध्ये तीन दिवस कुणी हात न लावता पडून होती.

टोमॅटो कांद्यानंतरच का? त्याचं पाणी कढई पुन्हा ९८ वर आणतं, हे एक. त्याचं आंबट कांद्याला मऊ होऊ देत नाही, हे दुसरं. पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन आम्लात घट्ट राहतं. आमटीत चिंच-आमसूल डाळ शिजल्यावर घालतात, तेही याचसाठी. सोडा नेमका उलट वागतो: चिमूटभर टाकला तर कांदा झटकन तांबूस होतो, पण त्याचा गिचका होतो आणि जराशी साबणासारखी चव राहते. मला नाही आवडत. मीठ सुरुवातीलाच घाला, ते पेशींतलं पाणी लवकर बाहेर ओढतं.

तेल सुटलं की मसाल्याची वेळ. मिरचीचा लाल रंग आणि तिखटपणा, दोन्ही तेलात विरघळतात, पाण्यात जवळजवळ नाहीच. पाणी असताना तिखट टाकलं तर ते रश्शात पुडीसारखं तरंगतं. मोकळ्या तेलात टाकलं तर रंग तेलात उतरतो, आणि तीच मिसळीवरची तर्री. दगडफुलाचंही तसंच, सुकं हुंगलं तर मातीसारखं, तेलात पडलं की घरभर. पण पाणी संपलेल्या कढईत तापमान चढतं आणि तिखट काही सेकंदांत करपतं. म्हणून आत्या लगेच पाण्याचा हबका मारते. त्या दोन चमचे पाण्यानं कढई खाली येते आणि बुडाला लागलेलं तपकिरी सुटून मसाल्यात मिसळतं. मग हवं तेवढं पाणी घाला, एक उकळी आणा आणि आच मंद करा. जोरात खदखदलं तर तेल पुन्हा थेंबाथेंबांत मोडतं. मंद आचेवर ते सावकाश जुळून वर येतं.

गेल्या वर्षी आत्याला डॉक्टरांनी तेल कमी करायला सांगितलं. आता अर्धा किलो कांद्याला दोन चमचे तेल, ते सुटणार तरी कुठून? पण कांद्यातलं पाणी अजूनही जावंच लागतं. मग ती उलथनं मधून ओढून बघते. मागे कढईचं बूड दिसलं आणि गोळा लगेच पसरून ते झाकत नसेल, तर झालं. आणि परतताना चिमणी बंद ठेवते. पूर्ण घरात धूर झाला तरी चालेल, म्हणते, त्या पंख्याच्या घरघरीत कांदा काय बोलतोय ते ऐकू येत नाही.