वजन भरलं, पण लेकरू हात पुढं करतं का?

सहा महिन्यांची दोन लेकरं एकाच दिवशी अंगणवाडीत वजनाला आली आहेत असं समजा. मुलगा जन्मला तेव्हा ३.२ किलोचा होता, आज साडेआठ किलो भरला. गाल वर आलेले, मनगटाला वळ्या पडलेल्या. मुलगी जन्मतः २.४ किलोची, आज ६.२ किलो, अंगानं काटकी. जमलेल्या बाया मुलाकडं बघून म्हणतात, "लई गुटगुटीत हाय, दृष्ट काढा गं याची." मुलीच्या आईला मात्र ऐकून घ्यावं लागतं, "दूध पुरंना का गं हिला?"

आता दोघांना गोधडीवर ठेवा. मुलगी दोन्ही तळहात पुढं टेकवून बसते. समोरची स्टीलची वाटी ओढून घेते, या हातातून त्या हातात देते, मग तोंडात घालते. दाराशी आईचा आवाज आला की मान तिकडं वळते. मुलाला हात धरून उठतं केलं तर त्याची मान मागं लोंबते. वाटीसाठी उजवा हात पुढं येतो, डावी मूठ मिटलेलीच राहते.

डॉक्टरांकडं लवकर न्यायला हवं ते मुलाला. घरात, गल्लीत, पाहुण्यांत काळजी चाललेली असते ती मुलीची. आपल्याकडं ही गल्लत रोज होते, आणि तिच्यापायी पहिल्या वर्षातले मोलाचे महिने हातचे जातात.

वाढ आणि विकास या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वजन, लांबी, डोक्याचा घेर ही वाढ. ती काट्यानं आणि फितीनं मोजायची. मान सावरणं, पालथं पडणं, वस्तू धरणं, आवाजाकडं वळणं, माणसं ओळखणं हा विकास. तो बघायचा, त्याला काटा नाही. ऊस डोक्याच्या वर गेला म्हणून साखरेचा उतारा चांगलाच येईल असं कुणी शेतकरी धरून चालत नाही. लेकराच्या बाबतीत मात्र अंग धरलं की सगळं बरोबर आहे असं आपण सरसकट मानतो.

आधी वाढीचं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००६ साली जे तक्ते दिले, तेच आपल्या माता व बाल संरक्षण कार्डावर आहेत. भारतासह सहा देशांतल्या, आईचं दूध मिळालेल्या निरोगी मुलांच्या मोजमापांवरून ते बनले, म्हणून "ते परदेशी लेकरांचे तक्ते, आपल्याला कशाला" असं म्हणण्यात अर्थ नाही. त्यांच्या हिशोबानं सहा महिने पुरे झालेल्या मुलाचं मधलं वजन ७.९ किलो आणि मुलीचं ७.३ किलो. लांबी अनुक्रमे ६७.६ आणि ६५.७ सेंटिमीटर. पण मधलं म्हणजे किमान नव्हे. निम्मी निरोगी लेकरं त्याच्या खालीच असतात. वजन कमी आहे असं म्हणायची रेघ मुलासाठी ६.४ किलोला आणि मुलीसाठी ५.७ किलोला येते. वरची ६.२ किलोची मुलगी कार्डावर हिरव्या पट्ट्यात आहे. तिचं जन्माचं वजन अडीच पटीहून जास्त झालंय. एरवी पाच-सहा महिन्यांत ते दुप्पट झालं तरी पुरतं. तिच्या आईला बोल लावण्याजोगं काहीही नाही.

एकट्या आकड्यापेक्षा रेघेची दिशा बघावी. दर महिन्याचा ठिपका मांडून ते जोडले, की रेघ वर चढते, सपाट होते की खाली येते ते कळतं. हिरव्या पट्ट्यात असूनही दोन महिने सपाट राहिलेली रेघ मला जास्त खटकते. खालच्या अंगानं का होईना, सरळ चढत गेलेली रेघ बरी. इथं एक गोष्ट आयांना कुणी सांगत नाही. पहिल्या तीन महिन्यांत लेकरू महिन्याला सहाशे ते नऊशे ग्रॅम घेतं, आणि पुढच्या तीन महिन्यांत हा वेग साधारण चारशे ते सहाशे ग्रॅमवर येतो. ते नैसर्गिक आहे. "आधी भरभर वाढत होतं, आता थांबलं" म्हणून चौथ्या-पाचव्या महिन्यातच डब्याची पावडर सुरू करायचं काही कारण नाही.

आणि वजन नीट घेतलेलं असावं. थंडीत लेकरू कुंची, स्वेटर, दुपटं अशा सगळ्या सरंजामासकट काट्याच्या झोळीत बसतं. पायात चांदीचे वाळे, कमरेला कडदोरा. या महिन्यात सगळं अंगावर आणि पुढच्या महिन्यात उघडं, असं झालं तर रेघ खोटी पडते. कपडे उतरवून, जमलं तर दर वेळी त्याच काट्यावर वजन करायचं. लांबी आडवं झोपवून, दोघांनी धरून मोजायची असते. ती खटपट नको म्हणून पुष्कळदा राहून जाते, आणि मग वजनात बरं दिसणारं पण लांबीत खुंटत चाललेलं लेकरू कुणाच्या लक्षात येत नाही. डोक्याचा घेरही तसाच राहतो. तो फार झपाट्यानं वाढला किंवा वाढायचाच थांबला, तर ती खूण मेंदूकडं बोट दाखवते. सहा महिने झाले की दंडाला फीतही लावतात. ११.५ सेंटिमीटरच्या आत दंड भरला, तर लेकरू तीव्र कुपोषित आहे, तिथं घरगुती उपायात दिवस घालवू नयेत.

विकासाचं गणित वेगळं चालतं. इथं एक तारीख नसते, मुदत असते, आणि ती चांगली ऐसपैस असते. जागतिक आरोग्य संघटनेच्याच अभ्यासात निरोगी मुलं आधाराशिवाय बसायला ३.८ ते ९.२ महिन्यांच्या दरम्यान शिकली. हातापायांवर रांगणं ५.२ ते १३.५ महिन्यांत आलं. शंभरातली चारेक मुलं तर तशी रांगलीच नाहीत, तरी वेळेवर चालली. तेव्हा सहाव्या महिन्यात "शेजारचं बसतंय, आपलं बसंना" ही काळजी बहुतेक वेळा फुकटची. हात टेकून, थोडं डुलत बसलं तरी पुष्कळ झालं.

मग बघायचं काय? लेकरू पालथं घातल्यावर हातांवर जोर देऊन छाती वर उचलतं का, पोटावरून पाठीवर वळतं का. बसवल्यावर मान स्थिर राहते का. ठेवलेल्या वस्तूकडं हात जातो का, आणि दोन्हीतला कोणताही जातो का. खळखळून हसतं का. आपण काही म्हणालो की थांबून, मग आपल्या पाळीला 'आ-ऊ' करून उत्तर देतं का. घरचं माणूस आणि परकं माणूस यांत फरक करतं का.

यातल्या दोन गोष्टींवर थोडं थांबतो, कारण नेमक्या त्या सुटतात. पहिली हातांची. फक्त उजवा किंवा फक्त डावा हात वापरणाऱ्या लेकराबद्दल घरात कौतुकानं म्हणतात, "डावखुरं निघणार बघा." वर्षाच्या आत हाताची अशी आवड सहसा ठरलेली नसते. एकच हात चालत असेल, दुसऱ्याची मूठ घट्ट मिटलेली आणि तो हात ताठ असेल, तर त्या बाजूला काही अडचण आहे का हे डॉक्टरांनी तपासायलाच हवं. मेंदूच्या पक्षाघाताची, म्हणजे सेरेब्रल पाल्सीची, ती पहिली खूण असू शकते.

दुसरी कानांची. जन्मतः बहिरं असलेलं बाळही सुरुवातीचे महिने आवाज काढतं, हसतं, हुंकारतं. म्हणून "आवाज करतंय, म्हणजे ऐकू येतंय" असं धरता येत नाही. सहा महिन्यांच्या सुमारास फरक पडू लागतो: ऐकणारं लेकरू नवनवे आवाज जोडत जातं, न ऐकणारं हळूहळू गप्प होतं. घरी बघायचं तर लेकराला मांडीवर बसवा, दुसऱ्या कुणाला मागून, नजरेआड राहून वाटीवर चमचा हळू वाजवायला सांगा. जमीन हादरेल असा दणका नको, समोर हात हलवणं नको. हादरा आणि सावली बहिऱ्या लेकरालाही कळते. दोन-तीनदा करूनही वळलं नाही, तर श्रवण तपासणी करून घ्या. ही तपासणी झोपलेल्या तान्ह्या बाळाचीही होते, "मोठं झाल्यावर बघू" म्हणायची गरज नाही.

दिवस भरण्याआधी जन्मलेल्या लेकराला दोन्ही मापं लावताना वय सुधारून घ्यावं लागतं. आठ आठवडे आधी जन्मलेलं बाळ कॅलेंडरात सहा महिन्यांचं असलं तरी त्याच्याकडून अपेक्षा चार महिन्यांच्या बाळाची ठेवायची. दोन वर्षांपर्यंत असंच मोजतात. लसी मात्र जन्मतारखेनंच.

वाढ आणि विकास वेगळे म्हणजे त्यांचा एकमेकांशी संबंधच नाही असं नव्हे. एक आजार मुद्दाम सांगायला हवा, कारण तो वरवर बघणाऱ्याला हमखास फसवतो. आई शुद्ध शाकाहारी, माळकरी घरातली, त्यात दूध-दहीही फारसं पोटात जात नाही. तिच्या अंगात बी-१२ जीवनसत्त्व कमी. लेकरू सहा महिने उलटूनही फक्त तिच्याच दुधावर. असं लेकरू पुष्कळदा गुबगुबीत दिसतं. पण अंग फिकट, केस विरळ आणि भुरकट, बोटांच्या पेरांवर काळपटपणा, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे आलेलं जातं. हसायचं ते हसेनासं होतं, मान धरायचं ते सोडतं, पुढं हातापायांना कापरं भरतं. वेळेत ओळखलं तर बी-१२ देऊन त्यात चांगला फरक पडतो. मिळवलेली गोष्ट लेकरानं गमावली, तर ते कधीही साधं समजायचं नाही, मग काट्यावर वजन कितीही भरो. आणि अशा वेळी आईच्याही रक्ताची तपासणी व्हावी. बहुतेक ठिकाणी तिला कुणी विचारतच नाही.

लोहाचंही तसंच. जन्माच्या वेळी अंगात असलेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या सुमारास संपत येतो, आईच्या दुधात ते थोडंच असतं, आणि मेंदूला त्याची गरज याच काळात मोठी. सहा महिन्यांनंतर आठवड्यातून दोनदा १ मिलिलीटर लोहाचं सरकारी सिरप देतात ते त्यासाठीच. शौच काळसर होते म्हणून ते बंद करू नका.

गल्लत झाली की उपायही उलटे होतात. लेकरू बसत नाही म्हणून त्याला जास्त खाऊ घालतात, उशा लावून तासन्‌तास टेकवून ठेवतात, वॉकर आणतात. वॉकरनं लेकरू लवकर चालत नाही. चुलीपर्यंत आणि पायऱ्यांपर्यंत मात्र लवकर पोचतं. बसण्यासाठी लागते ती जमीन. दिवसातून चार-पाच वेळा, जागं आणि खुशीत असताना, पालथं घाला; वाटी किंवा रंगीत चिंधीची बाहुली जरा हाताबाहेर ठेवा; समोर आपण आडवं होऊन बोला. एवढ्यानं पाठ, खांदे, हात, डोळे सगळ्यांना काम मिळतं.

उलट बाजूनं, वजन खरंच कमी पडत असेल तर गुटी, ग्राइपवॉटर आणि वरणाचं वरवरचं पाणी देऊन ते भरत नाही. पाण्यानं पोट भरतं, अंग भरत नाही. सहा महिने पुरे झाले की चमच्यावरून सांडणार नाही असं घट्ट द्यावं: ज्वारीच्या पिठाची पेज, मऊ शिजवून घोटलेली मुगाची खिचडी वर तेल किंवा तूप घालून, कुस्करलेलं केळ, घरात चालत असेल तर उकडलेल्या अंड्याचा बलक. आधी दोन-तीन चमचे, मग वाढवत जायचं, दिवसातून दोन-तीनदा, आणि आईचं दूध चालूच. मध वर्षाच्या आत नको, चाटवण्यापुरताही नको. उष्टावणाची रीत मुलाला सहाव्या किंवा आठव्या महिन्याची, मुलीला पाचव्या किंवा सातव्याची. मामा यायचा, मुहूर्त निघायचा, म्हणून कार्यक्रम लांबला तर लांबू द्या, पण लेकराचं खाणं सहा महिने पुरे झाल्याच्या दिवसापासून सुरू करा. मामा आल्यावर तो चांदीच्या वाटीतून भरवेलच.

बीड, धाराशिव, जालना, परभणी या पट्ट्यातून दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला निघणाऱ्या घरांत तर ही दोन्ही खाती एकदम उघडी पडतात. आई पहाटेपासून फडात, लेकरू झोळीत किंवा कोपीपाशी, म्हणजे राहायच्या झोपडीपाशी, थोरल्या बहिणीच्या कडेवर. झोळीत ते सुरक्षित असतं, पण दिवसभर झोळीत राहिलेल्या लेकराला पालथं पडायला जागाच मिळत नाही. दूध वेळेवर मिळत नाही ते वेगळं. आशाताईंची घरभेट तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात ठरलेली आहे; ती नेमकी गाव सोडलेल्या काळात येते. जाताना कार्ड सोबत न्या, आणि जिथं कोप्या पडतील तिथल्या अंगणवाडीत लेकराचं नाव लावायला सांगा. कार्डावर वजनाच्या रेघेशिवाय कोणत्या वयाला काय यावं याची चित्रंही आहेत. वजन लिहून झालं की "ताई, ही चित्रं पण बघा ना" एवढं म्हणायला संकोच करू नका.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं. विकासातला उशीर हुडकणं हे त्याच्या कामातच आहे, आणि पुढच्या तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयाच्या डीईआयसी केंद्रात, म्हणजे लेकरांतला असा उशीर तपासून लवकर उपचार करणाऱ्या केंद्रात, पाठवलं जातं. पण पथक येईपर्यंत थांबायची सक्ती नाही, शंका आली की आधीच जाता येतं. दवाखान्यात गेल्यावर "लेकरू मागं आहे" एवढंच सांगितलं, तर आधी वजन बघितलं जाणार, आणि ते चांगलं भरलं की तुम्हाला परत पाठवलं जाण्याचा धोका आहे. म्हणून नेमकं सांगा: "वजन चांगलं आहे, पण डावा हात उघडत नाही." किंवा, "मागच्या महिन्यात हसत होतं, आता हसत नाही." आणि लेकरू परक्या जागी रडून काहीच करून दाखवत नाही, तेव्हा घरी ते पोट भरून खुशीत असताना, गोधडीवर, वाटीसमोर, मोबाईलवर मिनिटभराचा व्हिडिओ काढून सोबत न्या.